दोन खोल्यांचे जुने घर



गेल्या पावसाळ्याच्या आरंभी, जुम्याच्या नमाजनंतर, एक तरुण मशिदीच्या हौदाजवळ माझी वाट पाहत थांबला होता. तो माझा जुना विद्यार्थी. लग्नाला चार वर्षे झालेली, एक लहान मुलगी, भाड्याचे घर. त्याच्यापुढे दोन पर्याय होते. पहिला, गावाबाहेर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीतील फ्लॅट, किंमत २६ लाख. दुसरा, गावठाणातील दोन खोल्यांचे जुने घर, किंमत ११ लाख. भिंती जांभ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचे, मोरी अंधारी, संडास अंगणाच्या टोकाला. कित्येक वर्षांत त्या घराला रंगसुद्धा लागला नव्हता. त्याच्या हाती स्वतःच्या बचतीचे ८ लाख होते. सासऱ्यांनी आणखी ३ लाख देऊ केले होते, पण केवळ फ्लॅटसाठी. जुन्या घरासाठी त्यांच्यापाशी एक पैसाही नव्हता. उरलेले १५ लाख बँक देणार होती.

“सर, घरचे म्हणतात, असल्या घरात राहायला जायचे तर भाड्याचेच काय वाईट आहे? लोक विचारतील, इतकी वर्षे नोकरी करून हेच केलेस का?” एवढे बोलून तो गप्प राहिला. आपल्या समाजातील शेकडो तरुण जोडपी आज याच ठिकाणी अडकून पडली आहेत. त्या दिवशी हौदाजवळ मी त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते जमेल तितके पुरे करावे, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वप्रथम घर म्हणजे काय, ते पाहू. पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहने आपल्या कृपाप्रसादांची गणना करताना ८०व्या आयतीत घराचा उल्लेख केला आहे. तेथे घराचे वर्णन त्याच्या उंचीने वा सजावटीने केलेले नाही. माणसाला जेथे विसावा मिळतो, ती जागा म्हणजे घर. आणि त्याच आयतीत, पक्क्या घरांच्या बरोबरीने, जनावरांच्या कातड्यांपासून केलेल्या आणि प्रवासात उचलायला हलक्या अशा राहुट्यांचाही कृपाप्रसाद म्हणून उल्लेख आहे. ज्या ग्रंथाने तंबूलाही घराचा मान दिला, त्यावर ईमान ठेवणाऱ्या माणसाला कौलारू घराची लाज वाटावी, याचा विचार आपण केला पाहिजे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पवित्र पत्नींची दालने कशी होती, हे आपल्याला ठाऊक आहे. कच्च्या विटा, खजुराच्या फांद्या, वरून मातीचा गिलावा, दारावर केसांच्या जाड कापडाचा पडदा. हजरत हसन बसरी (रह.) सांगत असत की, हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळात मी त्या दालनांत जात असे, तेव्हा माझा हात छताला पोहोचत असे. तेव्हा ते पोरसवदा होते, हे लक्षात घ्या. म्हणजे छप्पर किती बुटके असेल, याची कल्पना येते. उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांनी स्वतः सांगितले आहे की, रात्री प्रेषित (स.) नमाज अदा करीत, तेव्हा मी समोर निजलेली असे. ते सजद्यात जाताना हलकेच स्पर्श करीत, मी पाय आखडून घेई. ते उभे राहिले की पुन्हा पसरी. त्या काळी आमच्या घरांत दिवे नसत, असेही त्या सांगतात. एवढी ती जागा. एकाने नमाज पढायची तर दुसऱ्याने पाय आवरायचे. आणि त्याच जागेत वह्य अवतरत होती.

पुढे हिजरी ८८ च्या सुमारास खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या आज्ञेने मशिदे नबवीच्या विस्तारासाठी ती दालने पाडण्यात आली. त्या दिवशी मदीनेत लोक ढसाढसा रडले. हजरत सईद बिन मुसय्यब (रह.) यांना वाटले की, ती तशीच राहू दिली असती तर बरे झाले असते, पुढच्या पिढ्यांनी येऊन पाहिले असते की, अल्लाहच्या प्रेषितांनी जीवनात किती थोडक्यावर समाधान मानले.

मात्र येथे एक गैरसमज होऊ नये. प्रशस्त घराची इच्छा हा गुन्हा नव्हे. हदीसमध्ये माणसाच्या सौभाग्याच्या गोष्टींत चांगला शेजारी आणि चांगले वाहन यांच्याबरोबर प्रशस्त घराचाही समावेश आहे. इस्लामने दारिद्र्याला पुण्य म्हटलेले नाही. अल्लाहने हलाल कमाईत वाढ दिली तर मोठे घर अवश्य घ्यावे. प्रश्न फक्त आजचा आहे. आज जे परवडत नाही, ते आजच मिळवण्यासाठी आपण कोणत्या दारातून आत शिरतो, एवढाच.

त्या तरुणाबरोबर मी कागदावर हिशेब मांडला. १५ लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याजदर ९ टक्के धरला तर मासिक हप्ता १३,४९६ रुपये. वीस वर्षांत भरावयाची एकूण रक्कम सुमारे ३२ लाख ३९ हजार. घेतले पंधरा, फेडायचे बत्तीस. त्याहून मनाला लागणारी गोष्ट पुढे आहे. पहिल्या पाच वर्षांत त्याने आठ लाखांहून अधिक रक्कम भरलेली असेल आणि मुद्दल जेमतेम एक लाख सत्तर हजारांनी कमी झालेले असेल. हा आकडा पाहून तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. व्याजाविषयी सूरह बकराच्या २७५ ते २७९ या आयतींतील इशारा किती कठोर आहे, हे मी येथे पुन्हा सांगत नाही. या मासिकाच्या वाचकांना तो ठाऊक आहे. जे बंधू आधीच अशा कर्जात आहेत, त्यांच्यावर बोट रोखण्यासाठीही हे लिहीत नाही. त्यांनी जाणत्या उलेमांचा सल्ला घ्यावा, शक्य तितक्या लवकर मुद्दल फेडावे आणि नवे कर्ज घेऊ नये. ज्याने अद्याप सही केलेली नाही, त्याच्यासाठी मात्र दार उघडे आहे.

व्याज टाळतो म्हणणारे कधी कधी दुसऱ्या वाटेने त्याच विहिरीत पडतात. मुंबई, मुंब्रा, भिवंडी या भागांत ‘हेवी डिपॉझिट’ची रीत बोकाळली आहे. घरमालकाला चार-पाच लाख अनामत द्यायची, भाडे द्यायचेच नाही, आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. ती अनामत म्हणजे मालकाला दिलेले कर्ज. आणि त्या कर्जाच्या बदल्यात फुकट राहणे हा कर्जावरचा लाभ. उलेमांनी याला व्याजाचाच प्रकार म्हटले आहे. भिशीचेही तसेच. चिठ्ठ्या टाकून नंबर लागणारी, प्रत्येकाने जेवढे भरले तेवढेच उचलायची भिशी निर्दोष आहे आणि आपल्या भगिनींनी तिच्या बळावर कित्येक घरे उभी केली आहेत. पण बोली लावून, तोटा सोसून आधी उचलायची भिशी वेगळी. तिच्यात कोणाचा तरी तोटा दुसऱ्याचा नफा होत असतो.

मग व्याजाशिवाय घर घ्यायचे कसे? सहीह बुखारीत एका घराच्या व्यवहाराची हकीकत आली आहे. मला ती फार आवडते, कारण तिच्यातही दोनच खोल्या आहेत. प्रेषितांचे (स.) मुक्त केलेले सेवक हजरत अबू राफे (रजि.) हे हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याकडे आले आणि म्हणाले की, तुमच्या आवारातील माझ्या दोन खोल्या तुम्ही विकत घ्या. सअद (रजि.) प्रथम नाही म्हणाले. तेथे उपस्थित असलेले हजरत मिस्वर बिन मखरमा (रजि.) यांनी आग्रह धरला. तेव्हा सअद (रजि.) यांनी स्पष्ट सांगितले की, चार हजार दिरहमांपेक्षा अधिक देणार नाही आणि तेही हप्त्यांनी देईन. अबू राफे (रजि.) यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून पाचशे दिनार मिळत होते. ही रक्कम उघडउघड जास्त होती. तरीही त्यांनी खोल्या सअद (रजि.) यांनाच दिल्या आणि कारण सांगितले की, शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे असे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले नसते, तर या किमतीला दिल्या नसत्या.

या एका व्यवहारात आपल्या कामाचे किती आहे पाहा. घेणाऱ्याने आपली ऐपत न लाजता सांगितली. किंमत एकदाच ठरली. हप्ते पडले म्हणून ती वाढली नाही. विकणाऱ्याने जास्तीचा पैसा दिसत असूनही हक्क पाहिला. आणि तिसऱ्या माणसाने मध्ये पडून दलाली न घेता सौदा जुळवला. (आपल्याकडे तिसरा माणूस बहुधा सौदा मोडण्यासाठी येतो. ठरलेल्या सौद्यावर वरचढ बोली लावण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, हे त्याला ठाऊक नसते.) शेजाऱ्याच्या या हक्काला फिक्हच्या परिभाषेत शुफ्आ म्हणतात. हनफी मसलकात तो भागीदाराबरोबर लगतच्या शेजाऱ्यालाही आहे. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात तो केवळ भागीदाराला आहे. तरीही जुने घर विकण्यापूर्वी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला एकदा विचारावे, यात कोणत्याच मसलकाला हरकत नाही.

त्या तरुणाला मी म्हटले, घरमालकाकडे जा आणि सअद (रजि.) यांच्यासारखे सरळ बोल. तो गेला. मालकाने ८ लाख रोख आणि उरलेले ३ लाख दोन वर्षांत, दरमहा साडेबारा हजारांप्रमाणे घेण्याचे कबूल केले. बँकेला तो वीस वर्षे साडेतेरा हजार देणार होता. येथे दोन वर्षे साडेबारा हजार. फरक तुम्हीच पाहा. मात्र अशा वेळी दोन गोष्टी विसरू नयेत. किंमत करार करतानाच पक्की झाली पाहिजे आणि हप्ता चुकला तर दंड म्हणून एक रुपयाही वाढवायचा नाही. सवड मागितली तर सवड द्यायची. दुसरी गोष्ट लेखनाची. पवित्र कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत उधारीच्या व्यवहाराची नोंद कशी करावी, साक्षीदार कोण असावेत, याविषयी आहे. इतका तपशील अल्लाहने ज्या गोष्टीसाठी दिला, तिला आपण ‘घरातलाच माणूस आहे’ म्हणून टाळतो. उरलेली रक्कम आणि तिच्या तारखा खरेदीखतातच लिहून घ्याव्यात. आणि खरेदीखतात खरी किंमत लिहावी. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी कमी आकडा लिहिणे म्हणजे साक्षीदारांसमोर, सही करून बोललेले खोटे. घराचा पहिला दगडच तेथे वाकडा बसतो.

आता घर पाहण्याविषयी. जुने घर पाहायचे ते पावसात. उन्हाळ्यात प्रत्येक छप्पर शहाणे असते. आषाढात जा, भिंतीला तळहात लावा, ओल किती वर चढली आहे ते पाहा. वाशांवर आणि रिपांवर वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का ते पाहा. विहिरीचे, सांडपाण्याचे विचारा. चिपळूणसारख्या गावात असाल तर २२ जुलै २०२१ च्या पुराचे पाणी या घरात कोठवर आले होते, ते शेजाऱ्याला विचारा. सांगली-कोल्हापूरकडे असाल तर ऑगस्ट २०१९ चे विचारा. जुन्या इमारतीतील खोली घेत असाल तर दहापट सावध राहा. महानगरपालिकांच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल मागा. नसेल तर इसार देऊ नका. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जुनी इमारत पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली, ते आपण विसरलेलो नाही. पण त्याच्या आदल्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, महाडमध्ये जी पाच मजली इमारत पडली, ती दहा वर्षांचीही नव्हती. तेव्हा नवे म्हणजे भक्कम, असेही समजू नये. स्वस्त म्हणून जिवाला धोका पत्करणे म्हणजे तवक्कुल नव्हे. पडावयास आलेले घर कितीही स्वस्त असले तरी महागच.

आणि विकणाऱ्या बंधूंनो, तुमच्याशीही दोन शब्द. गिऱ्हाईक यायच्या आठवडाभर आधी ओल आलेल्या भिंतीला चुना फासणे, वाळवीच्या वाशाला रंग देणे, गळक्या कौलाखाली छत मारणे, या गोष्टी आपल्याकडे हुशारीत गणल्या जातात. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून गेले. त्यांनी हात आत घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का नाही ठेवलेस, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. चुना फासलेली ओली भिंत आणि तो ढीग यांत काय अंतर आहे? दोष सांगून विका. किंमत कमी येईल. बरकत मात्र जाणार नाही.

घर घेतल्यावर दुरुस्तीची घाई नको. जुन्या घराची मोठी सोय हीच की, ते हळूहळू सुधारता येते. आधी छप्पर, मग मोरी-संडास, मग दाराची कडी आणि पडद्याची सोय. फरशी, रंग, कपाटे नंतर. टाइल्स नाहीत म्हणून कोणाची नमाज अडत नाही. हिजरतनंतर प्रेषित (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी खालच्या मजल्यावर राहत होते, तेव्हा एकदा वर पाण्याचा घडा फुटला. खाली थेंब पडू नये म्हणून अबू अय्यूब आणि त्यांच्या पत्नीने आपले पांघरूण त्या पाण्यावर टाकून ते टिपून घेतले, आणि त्यांच्याजवळ दुसरे पांघरूण नव्हते. असे माजघर ज्या घरात असेल, ते गळके असले तरी गरीब नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हाती घेतली, तिच्याकडे वळतो. जुने घर स्वस्त का असते? कधी ते मोडकळीस आलेले असते म्हणून. आणि कधी त्यात कोणाचा तरी हक्क गाडलेला असतो म्हणून. वाळवी डोळ्यांना दिसते, हा हक्क दिसत नाही. मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८, फेरफार, सूची क्रमांक २, तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, घर किंवा जमीन वक्फची नाही ना याची चौकशी, हे सर्व वकील पाहील. ते पाहायलाच हवे. पण कागदावर जे नाव चढलेच नाही, ते वकिलाला कोठे सापडणार? ती चौकशी मुसलमान गिऱ्हाइकाने स्वतः करायची असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७४ साली त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात दोन खोल्यांचे एक जुने घर साडेसहा हजार रुपयांना घेतले. विकणारे दोघे भाऊ होते. दोघांनी सह्या केल्या. वडिलांनी वर्षभर रात्री शिकवण्या घेऊन उरलेले पैसे फेडले. आम्ही भावंडे त्या घरात वाढलो. १९९८ साली वडिलांचे निधन झाले. वारसनोंदीसाठी कागद काढले, तेव्हा पाखाडीवरच्या एका वृद्ध शेजाऱ्याने सहज विचारले, “तिसरीची सही आहे ना त्यावर?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या भावांना एक बहीण होती. खाडीपलीकडे दिलेली. तिला कोणी विचारले नव्हते. आमच्या वडिलांनीही, अल्लाह त्यांना क्षमा करो, विचारले नव्हते.

सूरह निसाच्या ७व्या आयतीने आईबापांच्या मालमत्तेत स्त्रीचा वाटा ठरवला आहे, मग ती मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे घराचे पाच भाग. दोन-दोन भावांचे, एक तिचा. चोवीस वर्षे आम्ही ज्या ओसरीवर बसून कुरआन पढलो, तिचा पाचवा हिस्सा कोणा दुसऱ्याचा होता.

आईने सांगितले की, हे मिटल्याशिवाय तुमच्या वडिलांच्या मालमत्तेची वाटणी होणार नाही; आधी देणे, मग वाटणी. आम्ही एका मुफ्ती साहेबांना विचारले. आमच्यापैकी एकाला वाटत होते की, साडेसहा हजारांचा पाचवा भाग तेराशे होतो, तेवढे दिले की झाले. मुफ्ती साहेब म्हणाले की, तिच्या परवानगीवाचून तिचा हिस्सा विकलाच गेलेला नाही. तो आजही तिचा आहे, तेव्हा आजच्या किमतीने बोला. त्या वर्षी घराची किंमत दीड लाखाच्या आसपास होती. तीस हजार रुपये. मुद्दल चूक तिच्या भावांची. पण ते दोघेही तोवर वारले होते आणि त्यांची मुले हात वर करून मोकळी झाली होती. त्यांच्यामागे धावत बसायचे की तिचे तिला देऊन टाकायचे, हे आम्हाला ठरवायचे होते.

मी आणि माझा धाकटा भाऊ होडीने पलीकडे गेलो. म्हातारी ओट्यावर कुळीथ निवडत बसली होती. आम्ही येण्याचे कारण सांगितले. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. येथे एक कबुली देतो. जाताना माझ्या मनात आशा होती की, खाला म्हणेल, जाऊ दे बेटा, माफ केले. आपल्या समाजात बहिणींनी माफ करायचे, अशी आपण सवय लावून घेतली आहे, आणि त्या सवयीला हक्कसोडपत्र असे कायदेशीर नाव दिले आहे. ती म्हणाली, “मला विचारायला कोणी आले, हे चोवीस वर्षांत पहिल्यांदा.” आणि मग म्हणाली, “पैसे कधी द्याल?”

आईने पाटल्या मोडल्या, उरलेले आम्ही जमवले. दुय्यम निबंधक कार्यालयात तिने अंगठा दिला आणि पैसे घेतले, पूर्ण घेतले, दोनदा मोजून घेतले. तिच्या गरजा तिला ठाऊक होत्या. आम्ही तिला रिक्षाने घरी आणले. ती माजघरात उभी राहिली, चुलीची जागा कोठे होती ते तिने बोट करून दाखवले, आणि आईने केलेला चहा घेऊन परत गेली. त्यानंतर आमच्या पाखाडीवरचे काही जण आमच्याशी नीट बोलेनासे झाले. कारण त्यांच्या बहिणींच्या कानांवर ही गोष्ट गेली होती.

तेव्हा, घर पाहायला जाल त्या दिवशी विकणाऱ्याला भावांची नावे विचारा आणि त्याच दमात बहिणींचीही विचारा. वारलेल्या बहिणीची मुले कोठे असतात, तेही विचारा. ‘त्यांचे देऊन झाले आहे’, ‘लग्नात केले तेच तिचे’, ‘ती काही मागत नाही’ ही तिन्ही उत्तरे पुरेशी नाहीत. लग्नातला खर्च म्हणजे वारसाहक्क नव्हे. तिला भेटा, तिच्या तोंडून ऐका, तिची सही घ्या आणि तिच्या हिश्श्याचा पैसा भावाच्या नव्हे, तिच्या हाती द्या. सौदा यामुळे चार महिने लांबेल. लांबू द्या. एखादे वेळी मोडेल. मोडू द्या.

आणि मुलींच्या आईवडिलांनो, मुलाचे स्वतःचे घर आहे का, असे जरूर विचारा. पण ते जुने आहे का, असे विचारताना तुमच्या आवाजात जे उतरते, ते जरा आवरा. नव्या फ्लॅटच्या अटीवर जावयाला दिलेले तीन लाख त्याला पंधरा लाखांच्या व्याजात लोटत असतील, तर ती मदत कसली? हेच तीन लाख कर्जे हसना म्हणून दिले असते, तर तुमच्या मुलीचे घर दोन वर्षे आधी मोकळे झाले असते.

हौदाजवळच्या त्या तरुणाला मी ही सारी हकीकत सांगितली, तेव्हा त्याने फक्त एवढेच विचारले, “सर, मालकाला बहिणी किती, हे मी विचारलेच नाही.” दुसऱ्या दिवशी तो विचारून आला. दोन आहेत. एक गावातच आहे. तिने होकार दिला आणि आपला हिस्सा स्वतःच्या नावे धनादेशाने मागितला. दुसरी कुर्ल्याला असते. ती बकरी ईदनंतर येणार आहे. तोवर खरेदीखत थांबवले आहे. घराची किल्ली मालकाने त्याला दिलेली नाही, पण पावसात जाऊन छप्पर पाहण्याची मुभा दिली आहे. मागच्या रविवारी तो पत्नीला आणि मुलीला घेऊन गेला होता. मागल्या खोलीत तीन ठिकाणी गळते, असे त्याने मला येऊन सांगितले, आणि कौले किती लागतील याचा अंदाज विचारला.